प्रभातच्या आवारातील एक त्रैराशिक

गेल्या चैत्रात पुण्यास मुक्काम असता नातवासमवेत प्रभातच्या जुन्या आवारात जाण्याचा योग आला. १९२९ साली कोल्हापुरास स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये येथे आली. ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा बोलपट येथलाच. १९६० मध्ये याच जागेत चित्रपटविद्येची सरकारी संस्था सुरू झाली.

चिरंजीवांस दहा मिनिटांचा लघुपट खऱ्या फितीवर घ्यावयाचा होता व द्रव्यसाहाय्यासाठी त्यांनी आमच्याकडे शब्द टाकला होता. हिशेब पाहिल्यावाचून पैसा द्यावयाचा नाही, ही आमची जुनी खोड. तेव्हा तेथेच झाडाच्या सावलीस बसून आम्ही त्रैराशिक मांडले. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे. सेकंदास २४ चित्रे धावतात. म्हणजे मिनिटास ९० फूट व दहा मिनिटांस ९०० फूट. नातवाच्या कागदावर मात्र ५,२०० फूट! हा निव्वळ उधळेपणा, असे म्हणून आम्ही कागद परत केला.

तो शांतपणे म्हणाला, “आजोबा, तुमच्या वर्गात ‘राम’ शब्द पहिल्याच खेपेस सर्वांस पाठ होत असे काय?”

आम्ही निरुत्तर झालो. मग त्याने उलगडा केला. प्रसंग अनेक बाजूंनी टिपावा लागतो, नट चुकतो, सूर्य ढगाआड जातो. म्हणून पाचपट धरून ४,५०० फूट. यंत्रात फीत ओवताना टोके वाया जातात, रिळाच्या अखेरचा तुकडा पुढील प्रसंगास पुरत नाही. त्याकरिता दशांश अधिक, म्हणजे ४,९५०. रीळ ४०० फुटांचे, सबब १३ रिळे.

तथापि मास्तरकी सहजी सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने बोलपटास ११,००० फुटांची मर्यादा घातली होती. म्हणजे सुमारे १२२ मिनिटे. तेवढ्यातच संपूर्ण कथा बसवावी लागे. “मग तुझी फीत आखूड का असू नये?” आम्ही विचारले. विचारांती त्याने सोळा मिलिमीटरची फीत पत्करली. तीत फुटास ४० चित्रे, म्हणून मिनिटास ३६ फूटच लागतात. पाचपट व दशांश धरून १,९८० फूट. ४०० फुटांची पाच रिळे पुरेशी.

पाच रिळांचे पैसे आम्ही त्याच्या हाती ठेविले, आणि नटांची तालीम पक्की झाल्याखेरीज यंत्र न फिरविण्याचे वचन घेतले. सहाव्या रिळाचे पैसे घरी वेगळे काढून ठेविले आहेत. ती गोष्ट मात्र त्यास अद्याप सांगितलेली नाही.