अडवायला गठ्ठाच नाही

पुणे,
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,


सकाळी दहाला वीज गेलीय ती दुपारी तीनशिवाय येणार नाही, असा महावितरणचा मेसेज आहे. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. महापालिकेने जलकेंद्रात काम काढलं की पाणीही गुरुवारीच बंद, आणि शुक्रवारी सकाळी येतं ते उशिरा आणि कमी दाबाने. लॅपटॉपने मघाशीच मान टाकली. म्हणून तुमचं पत्र आज दिवसाउजेडी लिहायला घेतलं.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, दिवसभर घरातच असतेस, वर साहेब नाही, जाण्यायेण्याची दगदग नाही, मग तुझं काम संपत का नाही? प्रश्न चिडवण्यासाठी नव्हता हे अक्षरावरून कळलं. तरी आठवडाभर डोक्यात घोळत राहिला, तेव्हा आज त्याचंच उत्तर.

त्यातलं सोपं आधी सांगून टाकते. घरी बसून काम करणारा माणूस इमारतीच्या मालकीचा असतो. चौथ्या मजल्यावरच्यांचे चपलांचे खोके, शेजारच्या काकूंची औषधं, दोन घरांच्या किल्ल्या, एकांचा गॅस सिलिंडर आणि त्याचे पैसे, सगळं माझ्याकडे. कुरिअरवाला आता त्यांची बेल वाजवतच नाही, ‘तुम्ही असताच ना मॅडम’ म्हणतो. मग वरच्या मुलीला ऑफिसात फोन करून ओटीपी विचारायचा. ती मीटिंगमध्ये, हा दारात, आणि टेबलावर माझं वाक्य अर्धवट. पण खरं सांगू का, याचा मला फार त्रास नाही. नको असेल तर एक दिवस तोडून बोलता येईल. बोलत नाही, कारण मी गावाला गेले की माझ्या कुंड्यांना पाणी हीच माणसं घालतात.

माझ्या बरोबरीचे सगळे मात्र सध्या वेळेच्या शिस्तीच्या मागे लागलेत. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली. त्याला पोमोडोरो म्हणतात. मीही फोनवर लावून पाहते, आणि प्रुफं वाचायला ते बरं पडतं. सलग तासभर वाचलं की डोळा चुका गिळायला लागतो; मध्ये उठून गॅलरीत जाऊन आलं की ओळ पुन्हा ओळीसारखी दिसते. दुसरा एक पार्किन्सन. त्याने १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिलं की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरत जातं. दाखला दिलाय एका म्हाताऱ्या बाईंचा. त्यांना भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायला अख्खा दिवस लागतो: कार्ड शोधा, चष्मा शोधा, पत्ता शोधा, मग पोस्टाच्या पेटीपर्यंत छत्री न्यावी की नाही यावर वीस मिनिटं विचार. पार्किन्सनला त्या चेष्टेचा विषय वाटल्या. मला हेवा वाटला. पोस्टकार्डाचे पैसे त्यांना कुणाकडून वसूल करायचे नव्हते.

या सगळ्या शिस्तवाल्यांनी एक गोष्ट मनाशी धरलेलीच असते, की वेळ तुमचा आहे आणि तो वाया घालवताय तेही तुम्हीच. माझं गणित तिथेच चुकतं. माझ्या वेळाची गळती होते ती काम संपल्यावर.

आधी कामाचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल भाची नुसती रडते. यंदा दिवाळी ऑक्टोबरातच, त्यामुळे श्रावण लागल्यापासून दिवाळी अंकांचा मजकूर येऊन आदळतोय. एका लेखकाने वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तेही आडवे. एकांनी फोनला तोंडी सांगून लेख उतरवलाय. त्यात पूर्णविराम शोधावा लागतो. सगळ्यात नमुनेदार म्हणजे जुन्या डीटीपीच्या फाँटातल्या फायली. त्या युनिकोडमध्ये आणल्या की पुष्कळदा आडवा र मोडतो. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, ‘सुऱ्या’ परजणारे ‘सुर्या’ परजतात. वाटतं, एका फटक्यात सगळीकडे बदलून टाकावं. पण तसं केलं तर कार्य, धैर्य, सूर्य सगळ्यांचीच वाट लागते, आणि आचार्यांच्या सभेला आचाऱ्यांची गर्दी जमते. म्हणून एकेक ओळ डोळ्यांनी बघायची. हे काम मला मनापासून आवडतं. एका बाईंच्या लेखात त्यांच्या आजोळच्या दळपाचं वर्णन आहे, जात्याचा खुंटा सैल झाला की तो कशाने ठोकायचा इथपर्यंत. त्यात मी एक स्वल्पविराम हलवला, आणि दुपारभर खूश होते.

अलीकडे नवीन प्रकार सुरू झालाय. यंत्राकडून अनुवाद करून घेतात आणि ‘तुम्ही फक्त एकदा नजर टाका’ म्हणून निम्म्या दरात पाठवतात. नजर टाकायला बसलं की कळतं, मुळातून केला असता तर लवकर झाला असता. यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

आता गळती. तुमचा ऑगस्टही असाच जायचा, आठवतंय मला. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ठरलेल्या मुदतीत व्हायला लागायच्या, त्यामुळे पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था सगळ्यांचे अहवाल एकदमच तुमच्या प्रेसमध्ये. ताळेबंदाचे आकडे जुळवता जुळवता खिळ्यांच्या केसमधले शून्य संपायचे, आणि छापून झालेले फॉर्मे घाईघाईने सोडून तेच शून्य पुढच्या पानाला लावायचे. दाराशी खाकी कागदात बांधून सुतळी मारलेले गठ्ठे. संस्थेचा शिपाई सायकल घेऊन न्यायला आला की तुम्ही त्याला चहा पाजायचात, सेक्रेटरींच्या मुलाच्या बारावीची चौकशी करायचात, आणि गठ्ठा मात्र जागचा हलायचा नाही. ‘चेक घेऊन ये, मग घेऊन जा.’ सभा तोंडावर आलेली, अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवेत. दुसऱ्या दिवशी चेक हजर. कागदाचे पैसे तर काम घेतानाच घेतलेले असायचे, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही. कागद बाजारातून रोख आणावा लागतो हे सगळ्यांना दिसत होतं.

माझ्याकडे अडवायला गठ्ठाच नाही, मामा. ‘सेंड’ दाबलं की माल गेला. आणि कागदही नाही, त्यामुळे माझं काही खर्च झालंय असं समोरच्याला दिसत नाही. वेळ खर्च झालेला असतो, पण तो मी बाजारातून आणत नाही ना. सहा महिने कागद उधार द्या असं तुम्हाला म्हणायची कुणाची छाती झाली नसती. मला तेच रोज म्हणतात, तेही फार गोड आवाजात. ‘अंक निघाला की लगेच.’ ‘जाहिरातींचे पैसे अडकलेत हो.’ ‘अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत.’

छोट्या दिवाळी अंकवाल्यांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. त्यांचं सगळं जाहिरातींवर चालतं, आणि पुष्कळ संपादक स्वतःच्या खिशातून भर घालतात. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, तेव्हा त्याची प्रुफं वाचणाऱ्याला पैसे कधी मिळाले, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल. असो. छोटा माणूस निदान फोन उचलतो आणि ओशाळतो.

मोठी कंपनी ओशाळत नाही. तिला फॉर्म लागतात. एका कंपनीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी मी तपासून दिलं. काम झालं झटक्यात, पण बिल आत घ्यायच्या आधी म्हणे ‘व्हेंडर’ म्हणून माझी नोंद व्हायला हवी. पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी लागू नसल्याचं पत्र, तेही लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. माझं लेटरहेड कुठलं? एका संध्याकाळी बसून बनवलं. नाव मोठ्या टायपात, खाली बारीक रेघ, तुम्हाला आवडलं असतं. शिक्का करून आणला. सगळं धाडल्यावर उत्तर आलं की बिलावर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या ऑर्डरचा क्रमांक, नाही. तो नंबर त्यांनीच मला द्यायचा होता.

आणि कायदा माझ्या बाजूने आहे, हे वाचून तुम्हाला हसू येईल. २००६चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, तसा करार नसेल तर १५ दिवसांत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही महिन्याच्या हिशोबाने. तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचं पोर्टल २०१७मध्ये निघालं. नाव ठेवणारा विनोदी असावा. मी रीतसर ‘उद्यम’ नोंदणी केलेली आहे. वर आता आयकर कायद्यातही अशी तरतूद आलीय, की अशा नोंदलेल्या छोट्या माणसाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. मला वाटलं, सापडला गठ्ठा! तो माझ्यापर्यंत पोचला तो असा: त्याच कंपनीने माझ्याकडून ‘मी उद्यममध्ये नोंदलेली नाही’ असं सहीनिशी लिहून मागितलं. मी म्हटलं, अहो, मी नोंदलेली आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘ओह. मॅम, मग प्रोसेस थोडी लाँग होते.’ आता तिप्पट दराचं व्याज मागायचं तरी कुणाकडे? ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याच्याकडे? उरला टीडीएस. १ एप्रिलपासून व्यावसायिक शुल्कावरची मर्यादा वर्षाला ३०,००० वरून ५०,००० रुपयांवर गेलीय, म्हणजे माझ्या बहुतेक बिलांतून काही कापायला नको. तरी सवयीने दहा टक्के कापतात. ते पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत येतात. तर दहा टक्के सरकारकडे आणि उरलेले नव्वद ‘अकाउंट्स’कडे, अशी माझी गुंतवणूक आहे.

मग दिवस जातो कुठे? बराचसा स्मरणपत्र लिहिण्यात. त्याला ‘जेंटल रिमाइंडर’ म्हणतात. सोमवारी सकाळी पाठवायचं नाही, तेव्हा माणसं करवादलेली असतात. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलं तर सोमवारपर्यंत खाली गाडलं जातं. म्हणून मंगळवार, अकराच्या पुढे. ‘बिलाचं काय झालं’ फार रोखठोक होतं, म्हणून ‘सहज आठवण करून देतेय’. ‘सहज’ने फार सैल पडतं, म्हणून खाली बिलाची तारीख. तारखेने टोचलं जातं, म्हणून शेवटी ‘अंकाचं काम जोरात असेल ना?’ हसरा चेहरा टाकू की नको, यावर पार्किन्सनच्या बाईंनी छत्रीवर घालवला तेवढा वेळ. पाठवल्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या का ते बघत राहायचं, आणि उमटल्यावरही उत्तर आलं नाही की पुढचा फॉर्मा हातात घेऊन तीच ओळ तीनदा वाचायची. हा वेळ कुठल्याही टोमॅटोत मावत नाही, आणि बिलातही लावता येत नाही.

तर या महिन्यापासून मी तुमचा नियम लावलाय. नवीन माणसाचं काम असेल तर निम्मे पैसे आधी. फाइलही अर्धी द्यायची, उरलेले फॉर्मे पैसे जमा झाल्यावर. एकाने फोन ठेवायच्या आत यूपीआयने पैसे पाठवले. मला इतका धक्का बसला की आभार मानायचे राहिले. एक जण ‘विचार करून कळवतो’ म्हणाले, त्यांचा विचार अजून चालू असावा. आणि एक गृहस्थ, ज्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही, दुखावल्या स्वरात म्हणाले, ‘अहो ताई, आपल्यात हे कशाला?’

इथे मी अडले. मामा, असं म्हणणारे तुम्हालाही भेटले असतीलच. संस्थेचं सोपं होतं, सभेची तारीख तुमच्या बाजूने होती. पण लग्नपत्रिकांचं काय करायचात? वधूपिता दारात उभा, नात्यातला, ‘आपल्यात हे कशाला’ म्हणणारा, आणि गठ्ठा तुमच्या पायाशी. तेव्हा तुमच्या तोंडून नेमकं काय निघायचं ते शब्दन्‌शब्द लिहून पाठवा. मी ते तसंच्या तसं मेलमध्ये उतरवणार आहे. मामींना विचारलंत तर त्या तुमच्यापेक्षा खरं सांगतील, तेव्हा त्यांनाही विचारा.

आईने तुमची राखी सोमवारीच पोस्टात टाकलीय, शनिवारच्या आत पोचावी. नाही पोचली तर आईला लगेच सांगू नका, आधी मला कळवा, मी पोस्टात चौकशी करते. चौकशी करण्यात आता माझा हात धरणारा कुणी नाही.

मामींना सा. न.

तुमची भाची