गाडीच्या पोटाखाली

मोटारसायकल घेणारा तरुण प्रथम टाकीचा रंग पाहतो, मग दिवा पाहतो आणि अखेरीस आरशात स्वतःचा चेहरा पाहतो. वाकून तिच्या पोटाखाली पाहणारा विरळाच. परंतु खडकाळ वाटेने जावयाचे असेल तर खरी परीक्षा तेथेच होते, हे आम्हांस स्पितीच्या वाटेने शिकविले.

२०१९ च्या जुलै महिन्यात आम्ही तिघे बेळगावकर ग्रांफूहून बातलमार्गे काझाकडे निघालो होतो. एका अंगास चंद्रा नदी, दुसऱ्या अंगास ढासळता डोंगर, आणि मध्ये गोट्यांची रास. तिलाच रस्ता म्हणावयाचे. डोंगरावरचे नाले या वाटेवरूनच वाहतात. दुपारनंतर बर्फ वितळून त्यांचे पाणी चढते आणि बुडालेले गोटे दिसेनासे होतात. अशाच एका नाल्यात आमच्या सोबत्याच्या गाडीस खालून धक्का बसला. पलीकडे गेल्यावर दगडांवर ऑइलची काळी रेघ उमटलेली दिसली. इंजिनाच्या कवचास केसाएवढी चीर पडली होती.

त्याने तत्काळ इंजिन बंद केले, हे नशीब. ऑइलावाचून इंजिन थोड्याच वेळात जखडते, आणि त्यासरशी मागचे चाक अडकले तर स्वार नदीच्या बाजूसही फेकला जावयाचा. तेथे फोन लागत नव्हता. ऊन उतरत होते. पेट्रोलच्या फडक्याने चीर पुसून तीवर एम-सीलचा लेप दिला, तो घट्ट होईपर्यंत थंडीत कुडकुडत बसलो, आणि जवळचे ऑइल भरून दिवेलागणीस कसेबसे बातल गाठले.

त्याच्या गाडीस बॅश प्लेट नव्हती. आमची गाडी हिमालयन होती. २०१६ साली हे वाहन बाजारात आले तेव्हापासून ती प्लेट कारखान्यातूनच बसवून येत असे. प्लेट जाड असावी, शक्यतो गाडीच्या सांगाड्यास जखडलेली असावी, आणि तिच्या व इंजिनाच्या मध्ये थोडी जागा असावी. एरवी दगडाचा घाव थेट कवचावर पोहोचतो. त्या जागेत खडे व चिखल साचतो, तो रोज काढावा. क्लच व ब्रेकच्या दांड्यांच्या पकडीचे स्क्रू किंचित सैल ठेवावेत. गाडी आडवी झाली तर दांडा मोडण्याऐवजी फिरतो. चाकात हवा फार भरली तर ते गोट्यावरून उसळते. फार सोडली तर रिम वाकते व ट्यूब चिरडते.

आमचा पुतण्या यंदा त्याच प्रदेशात जावयास निघाला आहे. सर्व सामान लावून झाल्यावर तो म्हणाला, "काका, आता निर्धास्त ना?"

"नाही रे बाळा," आम्ही म्हटले, "प्लेट एखादा घाव सोसेल, वेगाने घेतलेले दहा घाव सोसणार नाही. गोट्यांत पायट्यांवर उभा राहा, गुडघे सैल ठेव, पुढची दहा पावले पाहून मगच चाक घाल. आणि पाण्याचा तळ दिसत नसेल तर आधी पायी उतरून पाहा."

त्याच्या आईने एवढेच विचारले, की संध्याकाळी मुक्कामास पोहोचल्यावर पहिले काम कोणते? पुतण्याने उत्तर दिले, "गुडघे टेकून खाली पाहणे, आणि मग तुला फोन." दोन्ही कामे त्याने चुकवू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.