उधन्याहून आबांस

मु. उधना, सोमवार, रात्री

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर तुम्हांस नीट ऐकू येत नाही आणि आईमार्फत दिलेला निरोप त्रोटक होतो, म्हणून पत्र. जळगावचे काम उरकून तापी खोऱ्याच्या गाडीने निघालो. नंदुरबारनंतर खिडकीतून असा गारठा शिरला की आईने आग्रहाने दिलेली घोंगडी नसती, तर रात्र बसूनच काढावी लागली असती. दोन राज्यांत विभागलेले नवापूरचे स्थानक अंधारात निघून गेले. अक्का, दाजी, मुले सर्व खुशाल.

आज मात्र चित्त स्वस्थ नाही. घराच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो होतो. सकाळपासून तिष्ठत ठेवलेल्या माणसाचा अर्ज कारकुनाने अखेर हाती घेतला, पहिल्या चार ओळींवरून नजर फिरवली, मागे जोडलेला एकही दस्तऐवज न उलटता तो परत सारला आणि मुदत, हरकत, फेरअर्ज असे काही शब्द उच्चारून तो चहाला उठून गेला. काम अडले याचे दुःख नाही. परंतु ज्याच्या शेऱ्यावर दुसऱ्याचे घर अवलंबून आहे त्याने कागद शेवटपर्यंत वाचूही नये, याचा संताप अद्याप उतरलेला नाही.

तो थोडाफार उतरला तो पोंकामुळे. ज्वारीची कोवळी कणसे भाजून काढलेले हे हिरवे दाणे सुरतेत थंडीच्या मोसमातच मिळतात. वर लिंबू-मिऱ्याची बारीक शेव आणि साखरेचे दाणे. आपल्या हुरड्याहून ते मऊ असतात आणि भावही असा की अक्काने पाव किलोवर भागवले. रात्री तिच्या सासूबाईंनी खानदेशी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी केली. गल्लीत अहिराणीच अधिक ऐकू येते. मागांचा खडखडाट मात्र पहाटेपर्यंत थांबत नाही आणि मला झोप नाही.

मुख्य गोष्ट राहिली. दाजींना दुबईच्या एका व्यापाऱ्याने हवाना सिगारची पेटी भेट दिली आहे. ते स्वतः ओढत नाहीत. "आबांच्या मुलाने पारख करावी," म्हणतात. पोट भरलेले आणि मन शांत असताना करीन.

मु. उधना, बुधवार, रात्री

ती. आबांस सा. नमस्कार.

सुरतेचा किल्ला आणि इंग्रज-डचांची कबरस्ताने पाहिली. त्यांविषयी घरी आल्यावर. आज सिगारविषयीच लिहितो, आणि तुम्ही निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ज्या क्रमाने पान पाहत आलात त्याच क्रमाने लिहितो.

सिगार पार्तागास या घराण्याची आहे. हे घराणे हवानामध्ये १८४५ साली स्थापन झाले. सेरी डी क्रमांक ४ असे तिचे नाव. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी सुमारे २० मिलिमीटर, आणि लौकिक अत्यंत भारदस्त असल्याचा. बाहेरचे पान तपकिरी, किंचित तेलकट झाक असलेले, शिरा बारीक, जोड कोठेही उचललेला नाही. हे आवरणाचे पान क्यूबात पातळ कापडाच्या छताखाली वाढवतात, जेणेकरून ऊन गाळून पडावे आणि पान पातळ व निर्मळ राहावे. हे सांगताच दाजींना, कापड विणण्यात आयुष्य गेलेल्या त्या गृहस्थांना, मोठे समाधान वाटले. बोटांनी हलकेच दाबले असता सर्वत्र सारखा भराव लागला, कोठे गाठ नाही, पोकळी नाही. सिगारला सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. सीडरच्या लाकडाच्या पेटीत असल्याने ती टिकली होती.

जेवणानंतर गच्चीवर गेलो. वारा रंगाई-छपाईच्या गिरण्यांकडून येत होता आणि त्या वासात पारख करणे अन्यायाचे ठरले असते, म्हणून तो फिरेपर्यंत थांबलो. टोक किंचित कापून, न पेटवताच एक श्वास ओढला, तेव्हा वाळल्या गवताचा आणि मनुकांचा गंध आला. मग काडीने, ज्योत लांब धरून, बूड सावकाश शेकले.

पहिल्या एकतृतीयांश हिश्श्यात मिऱ्याचा झणका इतका आला की टाळू चुरचुरली; त्यामागे ओली माती. एवढ्यावरच शेरा मारावयाचा असता तर "जहाल, उग्र, एकसुरी" असा मारला असता. परंतु मध्यावर येताच तिखटपणा मागे सरला आणि भाजलेल्या कॉफीची, कडू कोकोची, कमावलेल्या चामड्याची रुची पुढे आली. धूर तोंडात दाट व स्निग्ध वाटू लागला. तो छातीत ओढावयाचा नसतो, तोंडात घोळवून सोडावयाचा. घाईने ओढले तर पान तापून कडवट होते, म्हणून मिनिटाला एक झुरका पुरे. शेवटच्या हिश्श्यात तंबाखूचे खरे बळ जाणवले. कपाळाला घाम आला, अक्काने दिलेला गुळाचा खडा चघळल्यावर बरे वाटले. पाऊण तास उलटून गेल्यावर चव करपू लागली, तेव्हा ती ठेवून दिली. आपोआप विझते, चुरडावी लागत नाही.

आईला सांगावे की एकच ओढली. धूर गिळत नाहीत म्हणून तोंडाचा धोका टळत नाही, हे मला ठाऊक आहे.

मु. उधना, शुक्रवार, दुपार

ती. आबांस सा. नमस्कार.

आईने फोनवर अक्काला विचारले की आबा म्हणतात, राख कशी होती. हा प्रश्न तुम्हीच विचारू शकता. राख करडी-पांढरी, घट्ट, बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत न ढळणारी होती. जळण्याची कड सर्व बाजूंनी सारखी पुढे सरकत होती आणि एकदाही पुन्हा पेटवावी लागली नाही. खाऱ्या विहिरीच्या पाण्यावरचा तंबाखू मध्येच विझतो, हे तुम्ही शेतकऱ्याला बांधावर समजावून सांगत असा. क्लोराइडचा तो दोष या पानात नाही.

सिगारच्या बळाचे कारणही आपल्या निपाणीच्या तंबाखूसारखेच आहे. आपल्याकडे शेंडा खुडून, फुटवे काढून झाडाचा सारा कस मोजक्या पानांत उतरवतात. तिकडे झाडाच्या वरच्या भागातली, अधिक ऊन खाल्लेली जाड पाने, ज्यांना लिजेरो म्हणतात, ती सिगारच्या गाभ्यात भरतात. फरक पुढे पडतो. आपला विडीचा तंबाखू उन्हात वाळतो आणि थोड्या काळात वखारीतून बाहेर पडतो. तिकडचे पान सावलीत टांगून वाळवतात, ढीग रचून आंबवतात आणि लिजेरो किमान दोन वर्षे मुरू देतात. त्या मुरण्यामुळेच उग्रपणा निवतो आणि भारदस्तपणा शिल्लक राहतो. पान आपल्या मातीतही हिणकस नाही. थांबण्याइतके भांडवल शेतकऱ्याजवळ कधी नव्हते.

माझा निकाल असा: माल अव्वल, मध्यभाग सर्वोत्तम, सुरुवात अनावश्यक तिखट, शेवट नवख्याला न झेपणारा. दाजी म्हणाले, एका सिगारवर इतका विचार कशाला? मी म्हटले, सिगारने काही बिघडत नाही, परंतु पारखीचे शब्द सैल झाले की कोणाचे तरी वर्ष बुडते. १९८१ साली रास्त भावासाठी आपल्या भागातले तंबाखूचे शेतकरी शेतकरी-नेते शरद जोशींबरोबर महामार्गावर बसले, तेव्हा मूळ गाऱ्हाणे भावाचेच होते, आणि भाव पारखणाऱ्याच्या शब्दावर ठरत असे. पोत्याचे तोंड उघडून वरची चार पाने पाहून भाव पाडणारे पुष्कळ असत. तुम्ही तळाशी हात घालीत असा, चिमूट चोळून हुंगत असा, टेंभुर्णीच्या पानात वळून शेवटपर्यंत ओढीत असा, आणि मग शेतकऱ्यादेखत गुणही बोलून दाखवीत असा व दोषही. तो न्याय होता, असे मी आज निःशंकपणे लिहितो.

म्हणून एक विनंती. ही सारी विद्या तुमच्या बोटांत आणि नाकात आहे, कागदावर कोठेही नाही. मी परतल्यावर रोज संध्याकाळी तासभर सांगावे, मी लिहून घेईन: रंग, चिकटपणा, ठिपके, शिरा, राख, विहिरीचे पाणी, सारे क्रमवार. तुमच्या खोकल्यामुळे सिगार आणत नाही. रिकामी पेटी मात्र आणतो, लाकडात गंध पुरेसा आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधे चुकवू नयेत.

दाखल्याचा अर्ज आज दुसऱ्या कारकुनाने सर्व कागद उलटून पाहून दाखल करून घेतला. घराची फार आठवण येते. रविवारच्या गाडीचे तिकीट मिळाले आहे.

आपला आज्ञाधारक पुत्र