लोंब्या आत, बुडखे बाहेर

मुलगी काय करते, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले पाहिजे, असा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. थोरलीच्या बाबतीत आम्हाला ते जमले. ती डॉक्टर. प्रश्न संपला, चहा आला. पण धाकटीने तीन वर्षांपूर्वी पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि ती संशोधनाला लागली. तेव्हापासून भंडाऱ्यात कुणी ओळखीचे भेटले की मी आधी हवापाण्याचा विषय काढतो.

तरी एकदा आमच्या मेहुण्यांनी मला गाठलेच. "पोरगी करते काय नेमकं?"

"काचेवर रेणू झोपवते," मी म्हणालो.

मेहुण्यांचे लाखनीकडे शेत आहे, माणूस व्यवहारी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आणि नाही झोपले तर?"

सगळे हसले, मीही हसलो. पण खरे सांगायचे तर तो प्रश्न माझाच होता. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिच्या जुन्या कंपनीने तिला परत बोलावले होते. ती चार दिवसांसाठी घरी आली, तेव्हा काहीही करून तिच्याकडून होकार मिळवायचाच, असा बेत मी मनाशी करून ठेवला होता. चाळीस वर्षे शाळेत मुलांना वळण लावलेला माणूस मी. घरच्या एका मुलीचे ते काय!

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती अंगणात पणत्या लावत होती. मी नवा मोबाइल हातात घेऊन पायरीवर बसलो होतो. संभाषणाला सुरुवात म्हणून म्हणालो, "तू म्हणतेस ते रेणू यातच असतात ना?"

"त्यातच. आजी काजळ कशी धरायची आठवतं, बाबा? पणतीवर तांब्याचं ताट पालथं धरून? आमचं तंत्र पुष्कळसं तसंच. निर्वात पेटीत खाली रंगद्रव्यासारखा कार्बनी पदार्थ तापवायचा. त्याची वाफ होते आणि वरच्या काचेवर बसते. त्या थराला वीज दिली की तो उजळतो."

मग तिने मला १९८७ सालची हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असे दोन थर एकावर एक चढवले आणि दहा व्होल्टांहून कमी दाबाच्या विजेवर हिरवा प्रकाश मिळवला. दोन्ही थर मिळून जाडी १३५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाचा सुमारे पाचशेवा हिस्सा! आज कितीतरी मोबाइलांचे आणि दूरचित्रवाणीचे पडदे याच घराण्यातले आहेत. हे सारे सातासमुद्रांपलीकडचे असेल असे मी समजत होतो. पण आपल्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपुरातही यावर काम झाले आहे. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटच्या एन. थेजो कल्याणी आणि नागपूर विद्यापीठाचे एस. जे. ढोबळे यांनी २०१२ मध्ये या दिव्यांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला, हे मला त्या पायरीवर कळले.

"ते असू दे," मी म्हणालो. "पण इतक्या पातळ थरात कोण आडवा पडलाय आणि कोण उभा आहे, याने काय बिघडतं? त्यासाठी आयुष्याची पाच वर्षं घालवायची?"

वाचकहो, या प्रश्नात शिक्षकाची जिज्ञासा नव्हती. बापाची कुरकुर होती. तिने ती ओळखली असावी, पण उत्तर मात्र जिज्ञासूला द्यावे तसे दिले. ओसरीवरच्या ट्यूबलाइटकडे बोट करून ती म्हणाली, "ही नळी प्रकाश कुठून देते? कडेने. टोकांकडून जवळजवळ नाहीच. लांबट रेणूचंही बहुधा तसंच असतं. तो काचेवर उभा राहिला तर त्याचा प्रकाश थरातल्या थरात आडवा पळतो आणि तिथेच अडकून संपतो. आडवा पडला, तर प्रकाश सरळ काचेबाहेर, तुमच्या डोळ्यांकडे येतो. रेणू कसेही पडले असले तर साध्या दिव्यात पाच भागांतला जेमतेम एक भाग प्रकाश बाहेर येतो. सगळे आडवे निजवले तर तोच दीडपटीपर्यंत वाढू शकतो. पदार्थ तोच, वीज तेवढीच."

"आणि ते निजतात कसे? अंगाई म्हणून?"

"काचेच्या तापमानावर," ती हसून म्हणाली. "रेणू काचेवर उतरला की कूस बदलायला त्याला क्षणभर सवड असते. काच पुरेशी थंड ठेवली तर लांबट रेणू बहुधा आडवेच थिजतात. काच तापवत नेली की शिस्त मोडते. काही तर उभे राहू लागतात. पूर्वी वाटायचं, या थरांत रचना अशी नसतेच, सगळा गोंधळ. जपानात दाइसुके योकोयामा यांनी तिरपा प्रकाश टाकून तपासलं, आणि २०११ च्या सुमारास मांडून दाखवलं की तसं नाही. त्या गोंधळालाही कल असतो."

"म्हणजे आडवा तो शहाणा, उभा तो वेडा?"

"नाही हो बाबा! पेंटासीन म्हणून पाच कड्यांचा रेणू आहे. तो काचेवर उभा राहतो, आणि तिथे तेच हवं असतं. त्यात वीज शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, आडवी न्यायची असते ना! तोच पेंटासीन तांब्यावर टाकला तर आडवा पडतो. कसं बसायचं ते कुठे पोचायचंय यावर ठरतं."

मी गप्प बसलो. मला एकाएकी साकोली तालुक्यातले आमचे खळे दिसू लागले.

मी सतरा वर्षांचा होतो. धानाची कापणी झाली होती आणि वडील आजीला घेऊन नागपूरच्या इस्पितळात गेले होते. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून जी गंज घालतात, तिला आमच्याकडे पुंजणे म्हणतात. ते काम माझ्यावर आले. रचताना लोंब्या आत आणि बुडखे बाहेर ठेवायचे असतात, म्हणजे पाणी बुडख्यांवरून निथळून जाते. पण मला सोनेरी लोंब्या बाहेरून दिसलेल्या आवडल्या! मी त्या बाहेर काढून, मोठ्या हौसेने देखणे पुंजणे रचले. आठवड्याने अवकाळी पाऊस आला आणि तीन दिवस थांबला नाही. वडील परत आले तेव्हा लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते.

ते रागावले नाहीत. ओली लोंबी हातात चोळून एवढेच म्हणाले, "धान खोटं नव्हतं बापू. ठेवण खोटी होती." त्या वर्षी माझे कॉलेज राहिले. मी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती, आमच्या सौ.लासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी ती मी धाकटीला सांगितली. ती पणतीची वात सारखी करीत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग तुम्हाला माझं काम केव्हाच कळायला हवं होतं."

नोकरीचा विषय मी त्या दिवाळीत काढला नाही. तिनेच निघताना सांगितले की, कंपनीला तिने आठवड्यापूर्वीच नकार कळवला आहे. म्हणजे माझा बेत फुकटच होता. कुठे पोचायचे आहे ते तिला ठाऊक होते. तिला कसे ठेवावे, याचीच काळजी मी करीत बसलो होतो.

भाऊबीजेला मेहुणे आले. फराळ झाला, आणि सवयीप्रमाणे त्यांनी विचारले, "काय म्हणतात रेणू? झोपले का?"

मी म्हणालो, "तुम्ही पुंजण्यात लोंब्या कुठे ठेवता?"

"आत. हे काय विचारणं झालं?"

"आमची पोरगी तेच करते," मी म्हणालो, आणि या वेळी हवापाण्याचा विषय काढला नाही.