मनगटावरची उंची

भोपाळच्या शाहपुरा तलावाकाठी, निरभ्र दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाकावर ठेवलेले उंचीमापक घड्याळ दुपारी चारपर्यंत वीस-पंचवीस मीटर वर चढलेले दिसते. तलाव, बाक आणि घड्याळ जागचे हललेले नसतात, उतरलेला असतो तो हवेचा दाब. उंची, दाब, दिशा आणि तापमान एकाच तबकडीवर दाखवणारे हे यंत्र उंची प्रत्यक्ष मोजत नाही. त्याच्या पोटातील सूक्ष्म पडदा हवेच्या भाराने किती वाकला हे विद्युतरोधातील बदलावरून कळते आणि त्यावरून उंचीचे गणित मांडले जाते. सुमारे ५०० मीटर उंचीच्या भोपाळात एक हेक्टोपास्कल, म्हणजे दाबाचे हवामानशास्त्रातील एकक, कमी झाले की घड्याळ साधारण नऊ मीटर चढ दाखवते. आणि उष्ण कटिबंधात सूर्याच्या तापाने वातावरणात दिवसातून दोनदा येणारी दाबाची भरती-ओहोटी तीनएक हेक्टोपास्कलची असते. वर जावे तसा हवेचा भार हलका होतो, हे पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने १६४८ साली फ्रान्समधील प्युई द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखवले होते. आज तोच प्रयोग मनगटावर अखंड चालू असतो.

म्हणून लांबच्या पायवाटेवर या घड्याळाला ओळखीच्या ठिकाणांचा आधार द्यावा लागतो. शाहपुऱ्याहून सातपुड्याकडे निघालेल्या पदयात्रीला तो आधार पिपरिया स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरच मिळतो, कारण भारतीय रेल्वे स्थानकाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिते. तो आकडा घड्याळात भरून पचमढीचा घाट चढावा आणि १३५० मीटरच्या धूपगडावर, सातपुड्याच्या सर्वोच्च माथ्यावर, तो पुन्हा पडताळावा. नागपंचमीच्या आधी विदर्भातून हजारो भाविक ज्या नागद्वारीच्या वाटेने अनवाणी जातात, तिथे दाट झाडी आणि पावसाळी धुके यांत माथा दिसत नाही. अशा वेळी किती चढलो आणि किती चढ उरला हे नकाशावरील समोच्च रेषांशी, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांशी, ताडून पाहता येते, आणि त्यावरून उरलेला उजेड व उरलेले बळ यांचा हिशेब मांडता येतो.

या यंत्राचा खरा मोठेपणा मात्र मुक्कामात दिसतो. पाऊल न हलता आदल्या दिवशीच्या त्याच वेळेपेक्षा उंची तीस-चाळीस मीटर वाढली, तर दैनंदिन भरती-ओहोटीने तिचा उलगडा होत नाही. बंगालच्या उपसागरातून मध्य भारतावर सरकणारा कमी दाबाचा पट्टा जवळ येत असल्याची ती खूण असू शकते. जे एरवी चूक म्हणून दुरुस्त करायचे, तेच इथे हवामानाची पूर्वसूचना ठरते. आणि ती ओळखणारा पदयात्री पुढचा ओढा पाणी चढण्याआधी ओलांडायचा की मुक्काम लांबवायचा, याचा निर्णय वेळेवर घेऊ शकतो.