दुकानाचे नाव, कारखान्याचे काम

आपल्याकडे एखादा किराणा दुकानदार चहाची पूड स्वतःच्या नावाच्या पुड्यात बांधून विकतो. पुड्यावर नाव दुकानाचे, पण चहा काही त्याने परसात पिकवलेला नसतो. तो कुठल्या तरी मळ्यातून आलेला असतो. एवढे ज्याला कळते, त्याला काही जुन्या कॅमेऱ्यांचे कोडेही चटकन उलगडेल.

आमच्या घरी असा एक कॅमेरा आहे. माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांचे धाकटे भाऊ नोकरीनिमित्त शिकागोला होते. 1978 साली ते गावी आले, तेव्हा त्यांनी तो आबांना दिला. त्यावर ‘सिअर्स 35 आरएफ’ असे लिहिले आहे. पुढे त्याचा सेल मिळेना, मग तो कातडी डब्यासकट फडताळात गेला. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने तो शहरातल्या एका दुकानात दाखवला. “या नावाची कॅमेऱ्याची कंपनीच नाही. शोभेसाठी ठेवायला तीनशे रुपये देतो,” असे त्याला तिथे सांगण्यात आले. आबा ऐकून काही बोलले नाहीत, पण त्या रात्री तो डबा त्यांच्या उशाशी दिसला. मी मनाशी म्हटले, विकायचा तर विकू. पण आधी ही वस्तू कोणाच्या हातची आहे, ते तरी कळू दे.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे निघाले. सिअर्स ही कॅमेरे बनवणारी कंपनी नव्हतीच. ती टपालाने माल विकणारी शिकागोची पेढी. 1888 साली तिची घड्याळांची सूची निघाली. 1896 पासून तिकडच्या खेड्यांत टपाल घरपोच येऊ लागले आणि या पेढीचा व्यापार शेतकऱ्यांच्या दारात पोहोचला. नांगर, शिलाई यंत्र, कपडे, इतकेच काय, 1908 ते 1940 या काळात अख्ख्या घराचे लाकूडसामानसुद्धा सूचीत पाहून मागवता येई. ती जाडजूड सूची 1993 साली बंद झाली आणि 2018 साली पेढीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ही पेढी कॅमेरे जपानी कारखान्यांकडून करून घेई आणि वर आपले नाव घाली. 1950 च्या दशकात तिने ‘टॉवर’ नावाने विकलेले काही कॅमेरे टोकियोच्या निक्का कारखान्याचे होते. जर्मनीत क्वेले या टपाल पेढीने ‘रेव्ह्यू’ हे नाव चालवले, तर इंग्लंडात डिक्सन्सच्या दुकानांनी ‘प्रिन्झ’. आमचा कॅमेरा म्हणजे जपानच्या रिको कंपनीचा ‘रिको 500 जी’. तो 1972 साली निघाला होता. आपल्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे उलटेच होते. नाव परके आणि वाळा चांगला.

तुमच्याकडे अशी वस्तू निघाली तर ओळखायची कशी? वरची पाटी वाचून थांबू नका. भिंगाभोवतीच्या कड्यावरची अक्षरे वाचा. रिकेनॉन असेल तर रिको, रोकॉर असेल तर मिनोल्टा, हेक्सानॉन असेल तर कोनिका, याशिनॉन असेल तर याशिका. पुष्कळदा ही अक्षरेही बदललेली असतात. मग अंगकाठी पाहायची. खिडक्यांची जागा, फिल्म ओढण्याची दांडी, मागचे झाकण उघडण्याची खटकी, भिंगाचा आकडा, सगळे ताडून पाहायचे. गुरांच्या बाजारात डाग आणि शिंगे पाहून बैल ओळखतात, तसेच हे. आमच्या कॅमेऱ्याचे भिंग 40 मिलिमीटरचे, तोंड 2.8 चे, शटरचा वेग 1/8 पासून 1/500 सेकंदापर्यंत. मुलाने रिकोच्या जुन्या माहितीपुस्तकातली चित्रे शोधून काढली. ती शेजारी ठेवली आणि शंका उरली नाही.

आता वापरण्याविषयी. मागचे झाकण उघडून, फिल्म न घालता, प्रत्येक वेगाला खटका दाबून पाहावा. पाती उघडझाप करतात ना, ते दिसते. झाकणाच्या कडेचा स्पंज पन्नास वर्षांत डांबरासारखा चिकट होतो आणि त्यातून उजेड आत शिरतो. तो काडीने हलकेच खरवडून मी काळ्या लोकरीचा धागा बसवला. सेलच्या घरात हिरवट कीट असेल तर व्हिनेगरच्या थेंबाने पुसून कोरडे करावे.

मूळ सेल 1.35 व्होल्टचा, पाऱ्याचा होता. तसले सेल आता मिळत नाहीत. श्रवणयंत्राच्या सेलवर काम भागते, पण तो काही आठवड्या-महिन्यांतच संपतो. एक गोष्ट मात्र फार सोयीची. या कॅमेऱ्याचे शटर सेलवाचूनही चालते. सेल लागतो तो फक्त उजेड मोजायला. कडक उन्हात, सावली गडद पडली असेल, तर 100 च्या फिल्मला वेग 1/125 आणि तोंड 16 वर ठेवावे. सावली फिकट असेल तर 11, सावलीच पडत नसेल तर 8, झाडाखाली 5.6. उन्हापावसाचा अंदाज बांधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे जड नाही.

अंतर जुळवायचे ते रेंजफाइंडरने. खिडकीतून पाहिले की मधल्या पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकीत एक बसल्या, की नेम साधला. यंत्र नीट आहे का, हे पाहायला कडे अनंत अंतराच्या खुणेवर ठेवून लांबच्या देवळाचे शिखर पाहावे. तिथे दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. खिडकी भिंगापासून वेगळी असल्यामुळे भिंगावर टोपण राहिले तरी समोरचे सगळे छान दिसते. म्हणून टोपण आधी खिशात टाकावे.

आमची घाई वेगळ्या कारणाने होती. आबा चौऱ्याऐंशीचे. खिलारी बैलांची शेवटची जोडी पेरणीआधी शेजारच्या गावी जायची होती. मुलाने मोबाइलवर काढलेले आबांचे आणि बैलांचे फोटो त्या मोबाइलबरोबरच गेले होते. छत्तीस फोटोंचा एक रोल आणला. बियाणे मोजून टाकावे तसे त्यातले बारा फोटो त्या सकाळी काढले. रोल धुवायला मुंबईला पाठवला.

बारांतले अकरा स्वच्छ आले. एकात आबा पाखऱ्याच्या वशिंडावर हात ठेवून उभे आहेत आणि त्यांच्या हाताच्या शिरासुद्धा मोजता येतात. तो फोटो चौकटीत घालून ओसरीवर लावला आहे. नाना आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीला शिकागोला त्याची एक प्रत धाडली. बैल गेल्यावर आबा चार दिवस गोठ्याकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, “त्या डब्यात अजून चोवीस फोटो शिल्लक असतील ना? मग पेरणीचे काढ.”