बंदुकीचा धक्का आणि आपला खांदा

परवा एक बागायतदार उजवा खांदा धरून दवाखान्यात आला. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्याने नवीनच बारा बोअरची बंदूक घेतली होती. सरावाचे पाच-सहा बार काढले आणि खांदा काळानिळा पडला. हाड शाबूत होतं, मुका मार होता. पण जाता जाता तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, आता चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात."

मला माझे एनसीसीचे दिवस आठवले. थ्री-नॉट-थ्री रायफलच्या धक्क्याला घाबरून मी दस्ता खांद्यापासून जरा लांब धरला होता. तिथेच चुकलं. दस्ता घट्ट टेकलेला असेल तर बंदूक खांद्याला ढकलते; मध्ये फट असेल तर ठोसा मारते. एकदा असा मार बसला की मेंदू पुढच्या धक्क्याची आधीच तयारी करतो. पापण्या मिटतात, हात आखडतो, नळी हलते. हा भित्रेपणा नाही, शरीराचा स्वभाव आहे. पण त्यामुळे बार भलतीकडे जाऊ शकतो, म्हणून तो गंभीर.

त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. सराव जाणकाराच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागीच करा.

• दस्ता कॉलर बोनच्या खाली, सांध्याच्या आतल्या मांसल भागात टेकवा, दंडावर नको.
• गाल दस्त्यावर, एक पाय पुढे, वजन पुढच्या पायावर.
• जोडीदाराला तुम्हाला न सांगता मधूनच डमी काडतूस भरू द्या. डमीवरही नळी हलली, तर दोष धक्क्याचा नाही, भीतीचा आहे.
• हलकी काडतुसं वापरा. खांदा दुखू लागला की त्या दिवशी थांबा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि कान झाका. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्याही वर जातो. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. खांद्याचा काळानिळा डाग दोन-तीन आठवड्यांत जातो; गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आम्ही तेव्हा कानात काहीच घातलं नव्हतं. आजही डावीकडून कुणी हळू बोललं, तर मला पुन्हा विचारावं लागतं.